मेट्रन मॅडम, तो खुलासा मी अजून जपून ठेवलाय

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं तेव्हा मी दोन वाक्यांत आटोपलं. गळा दाटून आला होता हे खरंच, पण तुमचे आभार नेमके कशाचे मानायचे हेही मला तेव्हा पुरतं उमगलेलं नव्हतं. ते उमगायला तुमच्या खुर्चीत बसावं लागलं. त्याला आता चार महिने झाले. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण सरकारी रुग्णालयात मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख अधिसेविका, दिवसभर काय करते हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आत काम करणाऱ्या आम्हालाही अर्धंमुर्धंच ठाऊक असतं.

सुरुवात त्या रात्रीपासूनच करते. तुम्ही त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाहीत, मीही नाही.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष. मेडिकल वॉर्ड, सलग सहावी नाईट. नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाबांना अँटिबायोटिक द्यायचं होतं. पावडरच्या बाटलीत १० मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं, विरघळवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं. हाताला इतकं सवयीचं काम, की डोळे लेबलवर गेलेच नाहीत. सिरिंज भरून झाली होती, बाबांच्या हाताच्या शिरेत बसवलेल्या नळीचं, कॅन्युलाचं, टोपण मी काढलं होतं, तेवढ्यात दुसरी सिस्टर माझ्या ट्रेमधली रिकामी अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, उचलून म्हणाली, ‘‘अगं, हे काय आहे?’’

ते पोटॅशियम क्लोराईड होतं. पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पाडणारं. बाबा गाढ झोपले होते.

‘‘जाऊ दे, दिलं नाहीस ना? टाकून दे आणि दुसरं भर,’’ ती म्हणाली. तिनंच बाबांना वाचवलं होतं आणि आता ती मलाही वाचवू पाहत होती. मी सिरिंज टाकली, दुसरं औषध भरलं, चारचारदा वाचून दिलं. साडेतीनला तुम्ही राउंडला आलात तेव्हा सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण तुम्ही ‘‘काय गं, बरी आहेस ना?’’ एवढंच विचारलंत आणि मी सगळं सांगून बसले.

तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘‘कपाट दाखव.’’

डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराईड, दोन्हींच्या अँप्यूल एकाच खणात, एकमेकींना खेटून ठेवलेल्या. त्याच मापाच्या, तशाच पारदर्शक प्लास्टिकच्या. तुम्ही एकेका हातात एकेक घेतलीत, रात्रीच्या मंद दिव्याखाली हात लांब करून धरल्यात आणि डोळे बारीक करून वाचायला लागलात. बराच वेळ. मग म्हणालात, ‘‘मलाही वाचता येत नाहीये.’’

मॅडम, त्या वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी केली आहे.

मग टेबलाशी बसून आपण रिपोर्ट लिहिला. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘माझा निष्काळजीपणा’. तुम्ही ते खोडलं नाहीत. त्याखाली आणखी लिहायला लावलंत: औषध कुठल्या खणात होतं, कशाशेजारी होतं, उजेड किती होता, वॉर्डात रुग्ण किती आणि सिस्टर किती, सलग कितवी रात्र. तोवर मला वाटायचं, चूक म्हणजे एका माणसाच्या हातून एका क्षणी घडलेली गोष्ट. त्या कागदावर तिची मुळं पार महिन्याच्या ड्यूटी लिस्टपर्यंत गेलेली दिसली.

वरून पत्र यायचं ते आलंच. ‘२४ तासांत खुलासा सादर करावा.’ तुम्ही ते थांबवू शकला नाहीत आणि थांबवते असं खोटं आश्वासनही दिलं नाहीत. मी खुलासा लिहिला, तुमच्याकडे आणला. तुम्ही त्याखाली तुमच्या तिरक्या अक्षरात लिहिलंत: ‘वॉर्डातील औषधांची साठवण व मांडणी ही अधिसेविका म्हणून माझी जबाबदारी आहे. सदर खुलासा माझाही समजावा.’ आणि सही. त्याची प्रत माझ्याकडे अजून आहे.

कोणाला वाटेल, मॅडमनी पोरीला पाठीशी घातलं. तसं नव्हतं. पुढचे १५ दिवस प्रत्येक मेडिसिन राउंडला इन्चार्ज सिस्टर माझ्या शेजारी उभ्या राहायच्या आणि मला सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणावं लागायचं: रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. लाज वाटायची. पण त्या १५ दिवसांत मी ते कायमचं शिकले. आणि आठवड्याच्या आत सगळ्या जनरल वॉर्डांतून पोटॅशियम क्लोराईड उचललं गेलं. फक्त आयसीयूत, कुलपात, दोन सिस्टरांच्या सहीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, त्यांत अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण ठेवणं हा एक आहे, हे मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. म्हणजे माझ्यासारख्या चुका जगभर होत होत्या आणि त्यातून माणसं दगावलीही होती. नऊ नंबरचे ते बाबा मात्र अकराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेले.

हे सगळं तुम्ही किती अवघड परिस्थितीत केलंत ते मला गेल्या महिन्यात समजलं.

रात्री सर्जिकल वॉर्डात एक आजी पडल्या. खाटेचा कठडा वर होता, त्यावरून उतरायला गेल्या. मांडीचं हाड मोडलं. सकाळी फोन आला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, ‘‘ड्यूटीला कोण होतं?’’

पलीकडे शांतता. ती शांतता मी ओळखली, कारण एके काळी मी तिच्या त्या बाजूला उभी होते.

त्या वेळी माझ्या केबिनबाहेर आजींचा मुलगा उभा होता. त्याला नाव हवं होतं. अधीक्षकांना दुपारच्या आत नाव हवं होतं. नाव दिलं की सगळ्यांना वाटतं विषय मिटला. मला स्वतःलाही नाव हवं होतं, कारण नाव मिळालं की माझ्यावरचं ओझं उतरणार होतं. तुमच्यावरही त्या सकाळी हाच दाब असणार. तरी रात्री साडेतीनला, दिवसभराची दमलेली असताना, तुम्ही आधी कपाट बघितलंत. मी आधी माणूस शोधला.

फोन ठेवून मी वॉर्डात गेले. आजींच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत चालून पाहिलं. बाथरूमबाहेरचा दिवा बंद होता, त्याची तक्रार रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलेली होती. बेल खाटेच्या मागे लोंबकळत होती, झोपलेल्या माणसाच्या हाताला लागणारच नाही अशी. दोन सिस्टर होत्या, पैकी एक ऑपरेशनहून आलेल्या रुग्णाजवळ अडकलेली. आजींनी हाका मारल्या होत्या, शेजारच्या रुग्णानं सांगितलं. मग मी त्या मुलाला बसवून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, दिव्याच्या तक्रारीसकट. त्याचा राग गेला नाही, जाऊही नये. पण त्यानं पुन्हा नाव विचारलं नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरची मी माफी मागितली, त्या पहिल्या प्रश्नाबद्दल.

आता ड्यूटी लिस्टबद्दल. ‘मेट्रन काय, ड्यूट्या लावते’ असं आम्ही म्हणायचो, तेव्हा त्यात काय असतं ते आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही ती पेन्सिलनं लावायचात, शेजारी खोडरबर. दोन नव्या मुली एका रात्री एका वॉर्डात यायच्या नाहीत. नाईट संपवून आलेलीला लगेच सकाळची ड्यूटी लागायची नाही. गरोदर सिस्टरला एक्स-रे विभागात पाठवायचं नाही. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचं बाळ अंगावर पितंय, हे तुम्हाला ठाऊक असायचं आणि लिस्टमध्ये त्याचं कारण कधीच दिसायचं नाही, फक्त सोय दिसायची. चार्ज देताना तुम्ही मला एकच गोष्ट दोनदा सांगितलीत: ‘‘जी कधीच काही मागत नाही, तिची सुट्टी आधी लिही.’’ पहिल्या महिन्यात मी मागणाऱ्यांच्या सुट्ट्या आधी लिहिल्या. महिनाअखेरीस बघितलं तर एका सिस्टरला सगळ्यांत जास्त नाईट लागल्या होत्या आणि तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता.

फाइली चाळताना एक जुनं इतिवृत्त सापडलं. वॉर्डात खाटा वाढवायच्या होत्या, सिस्टर तेवढ्याच ठेवून. त्या बैठकीत तुम्ही नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास मांडला होतात: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, आणि प्रत्येक नर्समागे एकेक जादा रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. ठराव तरी मंजूर झाला. खाटा वाढल्या. पण शेवटी ओळ आहे: ‘अधिसेविका यांचा लेखी आक्षेप इतिवृत्तात नोंदवण्यात आला.’ त्याच फाइलमध्ये पुढे नव्या पदांचा प्रस्ताव आहे आणि त्याला पहिलंच जोडपत्र म्हणून तो आक्षेप लावलेला आहे. हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. ज्या सहा मुली तेव्हा भरती झाल्या त्यांनाही माहीत नसेल. त्यांच्यापैकी दोघी आज इन्चार्ज आहेत, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

नाईटिंगेल बाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो. १८५४ मध्ये त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या तेव्हा त्यांनी कपडे धुण्याची सोय लावली, सामानाची ददात मिटवली, आणि पुढे मृत्यूंच्या आकड्यांची आकृती काढून सरकारपुढे ठेवली, हे फारसं सांगितलं जात नाही. मला तुमचा इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, आठवतो. चादरी किती आल्या, किती फाटल्या, ऑक्सिजनचे सिलिंडर किती भरलेले, तातडीच्या औषधांची गाडी, क्रॅश कार्ट, शेवटची कधी तपासली. तुम्ही रजिस्टरवर सही करायच्या आधी ते सामान जाऊन बघायचात.

आणि रुग्णाला हात लावायचात. मेट्रन झाल्यावर बऱ्याच जणींचा हात रुग्णापासून सुटतो, कागदांवर जातो. मला तेच होईल याची भीती वाटते. तुम्ही राउंडला बेशुद्ध रुग्णाच्या कमरेखाली तळहात घालून चादर ओली आहे का बघायचात, टाच उचलायचात. टाचेवर लाल डाग दिसला तर अंगठ्यानं दाबून सोडायचात: पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून सावरता येतं, लालच राहिला तर जखमेची सुरुवात झालेली. मग दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद मागायचात. नोंद असेल आणि टाच लाल असेल, तर तुम्ही टाचेवर विश्वास ठेवायचात.

महामारीत तुम्ही उभ्या होतात त्या जागेबद्दलही आभार. सगळ्यांना वाटलं मेट्रन आत वॉर्डात असेल. तुम्ही पीपीई काढायच्या खोलीत होतात. घालताना माणूस सावध असतो, काढताना दमलेला असतो आणि संसर्ग तिथेच होतो, म्हणून तुम्ही आरशाशेजारी उभं राहून एकेकीला पायऱ्या वाचून दाखवायचात. आधी बाहेरचे ग्लोव्हज. हात स्वच्छ कर. आता गाऊन, आतली बाजू बाहेर. घाई नको. सहा तास पाणी न प्यायलेल्या मुलींना घरी पळायचं असायचं आणि तुम्ही त्यांना अडवून धरायचात. तेव्हा तुमचा राग यायचा.

आजींचं ऑपरेशन झालं, त्या वॉकर धरून चालायला लागल्या आहेत. बाथरूमबाहेरचा दिवा त्याच दिवशी बसवून घेतला. बेलची वायर सगळ्या वॉर्डांत लांब करायचं काम चालू आहे, अर्धं झालंय.

पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लावायला घेतली आहे, पेन्सिलनंच. तीन जणी बाळंतपणाच्या रजेवर आहेत, एकीची बदली झाली आहे आणि आयसीयूला रात्री एक सिस्टर कमी पडतेय. मेडिकल वॉर्डातून काढली तर तिकडे नवी मुलगी एकटी राहते. तीन वेळा खोडून झालं. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी कच्ची लिस्ट घेऊन घरी आले तर चालेल का?

तुमची,
सर्जिकल वॉर्डची तुमची जुनी इन्चार्ज, आता तुमच्या खुर्चीतली