ग्रीक नावांचे अर्थ एका शब्दात मावत नाहीत

महोदय,

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि संकेतस्थळांवर बाळांच्या नावांच्या ज्या याद्या येतात, त्यांत हल्ली ‘ग्रीक नावे’ असा वेगळा रकाना असतो आणि प्रत्येक नावापुढे एकेक शब्द अर्थ म्हणून छापलेला असतो. परदेशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही, तिथे आणि इथे दोन्हीकडे सहज उच्चारता येईल असे नाव शोधताना, अशा याद्या पाहतात. म्हणूनच त्या अधिक काळजीने केल्या जाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सोफिया म्हणजे शहाणपण, झोई म्हणजे जीवन, इरीनी म्हणजे शांतता, हे अर्थ बिनचूक आहेत, कारण हे शब्द आजच्या ग्रीक भाषेतही रोजच्या वापरात आहेत. परंतु प्राचीन ग्रीकांची बरीचशी नावे आपल्या सामासिक नावांप्रमाणे दोन पदांची असत. थिओडोरोस म्हणजे देवाने दिलेला, अगदी आपल्या देवदत्तासारखा. हीच पदे उलटी जोडली की मुलीचे डोरोथिआ हे नाव होते. फिलिप्पोसमध्ये घोड्यांची आवड आहे, तर निकोलाओसमध्ये विजय आणि लोक. यातली पदे घराण्यात वारशाने चालत येत आणि कधी कधी अर्थाचा मेळ न पाहताच जोडली जात. इ.स.पू. 423 मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ या नाटकात याचे फार सुंदर उदाहरण आहे. बड्या घरातून आलेल्या आईला मुलाच्या नावात ‘हिप्पोस’, म्हणजे घोडा, हवा असतो, कारण घोडे बाळगणे हे श्रीमंतीचे लक्षण. बापाला मात्र आपल्या वडिलांचे, काटकसरीचा अर्थ असलेले नाव ठेवायचे असते. बराच काळ भांडण झाल्यावर तडजोड म्हणून मुलगा फिडिप्पिडीस होतो, आणि पुढे घोड्यांच्याच नादाने बापाला कर्जात बुडवतो. या नावापुढे यादीकार कोणता एक शब्द लिहिणार?

दुसरी अडचण मुळाची आहे. आजच्या ग्रीसमध्ये घरोघरी आढळणाऱ्या नावांपैकी मारिया आणि इओआनिस मूळची हिब्रू परंपरेतली आहेत, तर कॉन्स्टांटिनोस लॅटिनमधून आलेले आहे. एलेनी आणि कातेरीना यांच्या मुळांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तरीही याद्यांत त्यांच्यापुढे ‘तेजस्वी’ आणि ‘शुद्ध’ असे अर्थ निःशंकपणे दिलेले असतात. अर्थ निश्चित नसेल तर तसे स्पष्ट छापण्यात कमीपणा कसला?

शिवाय ग्रीक आईबाप पुष्कळदा अर्थ पाहून नाव निवडतच नाहीत. पहिल्या मुलाला आजोबांचे आणि मुलीला आजीचे नाव देण्याची रीत तिथे अजून जिवंत आहे, त्यामुळे एकाच आजोबांचे दोन-तीन नातू एकाच नावाचे आणि आडनावाचे असतात. बाप्तिस्मा होईपर्यंत अनेक घरांत मूल नुसते ‘बाळ’ असते. पुढे दरवर्षी त्या नावाच्या संताचा दिवस साजरा होतो: 26 ऑक्टोबरला दिमित्रिस नावाच्यांच्या, 6 डिसेंबरला निकोस नावाच्यांच्या घरी शुभेच्छा द्यायला माणसे येतात. आजी-आजोबा आणि संत यांचा उल्लेख नसलेली यादी मला तरी अपुरी वाटते.

ग्रीक नावांशी आपला संबंध आजचा नाही. मध्य प्रदेशातील विदिशाजवळच्या गरुडस्तंभावर तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरोस या ग्रीक राजदूताचे नाव कोरलेले आहे. त्याचा अर्थ सूर्याने दिलेला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखात मात्र उत्तरेकडून आलेला यवन (त्या काळी ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) दाता स्वतःला धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त म्हणवतो. परक्या भूमीतली नावे इथे येण्याची आणि इथली नावे परक्यांनी घेण्याची ही देवाणघेवाण दोन हजार वर्षांची आहे, आणि याद्या करणाऱ्यांनी ती वाचकांना जरूर सांगावी.

आपल्या वृत्तपत्राने यापुढे अशी यादी छापताना नावाची पदे, त्याचे मूळ आणि अर्थ निश्चित आहे की वादग्रस्त, एवढ्या तीन गोष्टी दिल्या तरी नव्या आईबापांची मोठी सोय होईल. त्यासाठी नावांची संख्या निम्मी करावी लागली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, नाशिक