कोणता करंट, ते तर सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘करंट’वरचा, म्हणजे नसांना आणि स्नायूंना विजेचे ठोके देण्याच्या उपचारावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेताना वाचला आणि राग आला म्हणून पुन्हा वाचला. ‘मेलेली नस विजेने पुन्हा जिवंत होते’ हे वाक्य आपण चौकट करून ठळक टाइपात छापलं आहे. ते खरं नाही. याच समजुतीपायी माझ्या धाकट्या भावाचे सहा आठवडे आणि 7,200 रुपये वाया गेले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

2019 च्या फेब्रुवारीत बेदाणा शेडच्या वरच्या रॅकवर माल टाकताना त्याचा पाय निसटला. दंडाचं हाड मधोमध मोडलं. मनगट आणि बोटं वर उचलणारी नस, म्हणजे मज्जातंतू, याच हाडाला वळसा घालून खाली जाते, ती दुखावली. हाड प्लास्टरमध्ये नीट जुळत होतं, पण मनगट लोंबकळतच राहिलं. देवापुढे हात जोडले की उजवा पंजा पुढे गळून पडायचा. लोकांना वाटतं, मनगटाचं काय एवढं, मूठ तर मिटते ना? वाचकांनी स्वतः करून बघावं. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मग मूठ घट्ट आवळा. आवळत नाही. द्राक्षबागेच्या एप्रिलच्या खरड छाटणीला त्याच्या हातात कात्री टिकेना. बागेच्या कडेला उभं राहून तो मजुरांना काड्या दाखवत होता, ते मी पाहिलं आहे.

तीन आठवड्यांनी त्याला तालुक्यातल्या एका केंद्रात करंट सुरू झाला. आठवड्यातून सहा दिवस, असे सहा आठवडे. एका सिटिंगचे 200 रुपये. सुटी लागली तशी मीही सोबत जायला लागले. कोपराखाली दोन पॅड पट्टीने आवळायचे, बटण फिरवायचं आणि विचारायचं, “लागतंय का?” लागत असायचंच. भाऊ दात आवळून बसायचा. मनगट मात्र तसूभरही उठत नव्हतं. एक दिवस बटण आणखी फिरवलं आणि बोटं एकदम मिटली. मशीनवरचा मुलगा म्हणाला, “बघा की, हललं!” आम्ही दोघं हरखलो. भाऊ घरी येताना म्हणाला, “अक्का, बोटं मिटली गं, पण मिटायची तर ती आधीपासनंच मिटत हुती. उघडायची हायत.”

त्याचं बरोबर होतं. मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गॅल्वानीचा बेडूक, मेल्यावरही विजेने ज्याचा पाय उडतो तो, दर वर्षी फळ्यावर काढला. इटलीतल्या बोलोन्याच्या त्या माणसाने 1791 मध्ये छापलेलं निरीक्षण पोरांना तोंडपाठ करायला लावलं. तरी भावाने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. वाढवलेला करंट पसरला होता तो शेजारच्या, बोटं मिटवणाऱ्या स्नायूंकडे. त्यांची नस धडधाकट होती, म्हणून ते नाचले. ज्यांच्यासाठी पैसे भरत होतो, ते स्नायू निपचित पडून होते.

मग आम्ही मिरजेला गेलो. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी भावाचा चांगला हात पुढे घेतला. टॉवेलवर ठेवला, कातडी ओल्या कापसाने पुसली आणि पेनासारखी एक बारीक दांडी स्नायूवर टेकवली. विजेचा अगदी छोटा ठोका दिला. मिलिसेकंदाच्या एका छोट्याशा भागाइतका. मनगट टुणकन वर उडालं. तोच ठोका दुखऱ्या हाताला दिला, तर काहीच नाही. जोर वाढवला तरी नाही. मग त्यांनी मशीनवर ठोक्याची लांबी 100 मिलिसेकंद केली आणि पुन्हा दांडी टेकवली. कातडीखाली काहीतरी हललं. झटका नव्हता तो. गांडूळ सरकावं तसा तो स्नायू आळसावून गोळा झाला, मनगट बोटभर उचललं गेलं आणि तितक्याच सावकाश खाली आलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या लेखाच्या दोन पानांत जे नाही, ते त्या बाईंनी दहा मिनिटांत समजावलं. नसेच्या धाग्याची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. विजेचा ठोका तो फरक एका ठरावीक मर्यादेपलीकडे घटवू शकला, तर नस पेटते. मर्यादेखाली राहिला, तर काहीही होत नाही. अर्धवट पेटणं हा प्रकारच नसतो. पण ठोका किती जोराचा, एवढ्यावर हे भागत नाही. तो किती वेळ टिकतो तेही तितकंच महत्त्वाचं. निरोगी नसेला मिलिसेकंदापेक्षा कमी वेळाचा ठोका पुरतो. नस तुटली किंवा निकामी झाली की दोन-तीन आठवड्यांत स्नायूला स्वतःच्याच बळावर उत्तर द्यावं लागतं, आणि स्नायू मुळात सुस्त. त्याला कितीतरी पट लांब ठोका लागतो. फ्रान्सच्या लापिक या शास्त्रज्ञाने 1909 मध्ये या वेळेच्या मापाला क्रोनॅक्सी हे नाव दिलं. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे. भावाला सहा आठवडे जो करंट दिला, तो छोट्या ठोक्यांचा होता. त्या मशीनने त्याचा स्नायू जन्मात हलला नसता. बटण तोडेपर्यंत फिरवलं असतं तरी नाही.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. लांब ठोका एकदम न देता त्यांनी तो हळूहळू चढता ठेवला. निरोगी नस हळू चढणाऱ्या ठोक्याला सरावते आणि गप्प बसते. नस गमावलेला स्नायू तसा सरावत नाही, तो हलतो. त्यामुळे शेजारची बोटं मिटली नाहीत आणि नेमकं मनगटच वर आलं. हे बघितलं की कोणता करंट, हा प्रश्न किती मोठा आहे ते कळतं. लेखात तो एकदाही आलेला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं ‘करंट’.

आणि तरीही त्याच बाई म्हणाल्या, “काका, यानं नस वाढत नाही हं. नस तिच्या वेगानं वाढणार, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. लांब ठोक्यांनी स्नायू टिकून राहतो, असंही मी छातीठोक सांगणार नाही.” मोडलेल्या जागेपासून मनगट उचलणाऱ्या पहिल्या स्नायूपर्यंतचं अंतर त्यांनी टेपने मोजलं. ते सुमारे 11 सेंटीमीटर भरलं. पडल्यापासून चारेक महिन्यांत हालचाल दिसायला हवी, नाही दिसली तर सर्जनकडे जायचं, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मनगट वर धरून ठेवणारा स्प्लिंट दिला. सांधे आखडू नयेत म्हणून घरच्यांनी हाताने करायच्या हालचाली माझ्या भावजयीला शिकवल्या. तीन सिटिंगनंतर म्हणाल्या, रोज येऊ नका. जूनच्या मध्यावर एका सकाळी भावाने दाढी करताना आरशात पाहिलं, तर मनगट स्वतःहून थोडं उचललं जात होतं. ऑक्टोबरच्या छाटणीला तो बागेत होता, कात्री त्याच्याच हातात.

मशीन बदललं म्हणून हात सुधारला, असं मी म्हणत नाही. नस दबली होती, तुटली नव्हती, म्हणून ती आपसूक वाढत आली. त्या चार महिन्यांत आम्हाला खरं काय ते सांगणारं माणूस हवं होतं. ते पहिल्या ठिकाणी भेटलं नाही आणि काल आपल्या पुरवणीतही भेटलं नाही.

करंटवर माझा राग नाही, हेही लिहायला हवं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू झोपून जातो. त्याची नस शाबूत असते, म्हणून तिथे विजेने स्नायू आवळून घेण्याचा खरा उपयोग होतो. अमेरिकेत लिबरसन यांनी 1961 मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांच्या बुटात टाचेखाली स्विच बसवला. टाच उचलली की नसेला करंट, आणि घसटणारा पाय वर. किती सुंदर कल्पना! पण ‘पंधरा मिनिटं करंट म्हणजे व्यायामाला पर्याय’ हे आपण कशाच्या आधारावर छापलं? आपण स्वतः हात उचलतो तेव्हा शरीर आधी बारीक, न थकणारे धागे कामाला लावतं. वीज हा क्रम पाळत नाही. लवकर दमणारे धागेही ती सुरुवातीपासूनच ओढते. म्हणून तर दहा सेकंद करंट आणि पन्नास सेकंद विश्रांती असं देतात. सलग पंधरा मिनिटं ओढत नाहीत.

टेन्सच्या, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणाऱ्या मशीनबद्दलही तीच गत. ते दुखणं दाबण्यासाठी आहे. कोपर आपटलं की आपण चोळतो, कारण स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या निरोपाची वाट मणक्यातच अडवतो. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये हे ‘गेट’ म्हणून मांडलं आणि टेन्स त्याच वाटेने आलं. आपल्या लेखात मात्र टेन्सने ‘स्नायूंना बळकटी’ येते. माझ्या ओळखीतल्या दोन आजी हे वाचून आज मशीन मागवायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं.

पण सर्वांत गंभीर आहे तो फोटो. त्यात एका बाईंच्या गळ्याला पुढून, दोन्ही बाजूंनी पॅड लावले आहेत आणि खाली ‘मानदुखीवर घरच्या घरी उपाय’ असं लिहिलं आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आहे आणि तिथेच रक्तदाब सांभाळणारी जागा आहे. तिथे करंट दिला तर रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो, घशाचे स्नायू आवळले जाऊ शकतात. मान दुखत असेल तर पॅड मागे लागतात, पुढे कधीच नाही. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नये, गरोदर बाईच्या पोटावर लावू नये, मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर तर नकोच, कारण तिथे कातडी भाजली तरी कळत नाही. या चार ओळी मला लेखात कुठेच वाचायला मिळाल्या नाहीत. आपली पुरवणी वाचून घराघरांत पॅड चिकटवले जातात. कुणी कालचा फोटो बघून ते गळ्याला लावले तर? मला काल रात्री झोप लागली नाही.

माझी विनंती आहे की पुढच्याच पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकारात त्या फोटोची दुरुस्ती छापावी. शेवटच्या पानावरचा दोन ओळींचा खुलासा नको, तो कुणी वाचत नाही. आणि लेख लिहून घेताना रोज रुग्णांना हात लावणाऱ्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला एकदा तरी वाचायला द्यावा. मिरज-सांगलीत अशी चांगली माणसं आहेत.

जाता जाता दुसरीही एक गोष्ट लिहिते, कारण ती तीन महिने मनात आहे. आरोग्य पुरवणी मुख्यतः आम्ही साठीपुढची मंडळी वाचतो. फिक्या निळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं आम्हाला दिसत नाहीत. कालच्या लेखात ‘काळजी घ्या’ असं शीर्षक असलेला एक पट्टा होता. मी तो भिंग लावून, खिडकीशी धरून वाचायचा प्रयत्न केला. शीर्षकाखालचं एक अक्षरही लागलं नाही. तिथे काही कामाचं छापलं असेल तर ते काळ्या अक्षरांत पुन्हा छापावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
तासगाव, जि. सांगली