मुलाखत घेणाऱ्याचाही दिवस वाईट असतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत निवेदकांनी आणि मुलाखतकारांनी आत्मविश्वास कसा टिकवावा यावर लेख आला होता तो वाचला. लेख वाईट नाहीये, पण वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणारा अंगात ताप घेऊन कधी माईकसमोर बसलेला नसावा. आरशासमोर उभं राहा, मी बेस्ट आहे असं स्वतःला सांगा, पॉझिटिव्ह विचार करा, चेहऱ्यावर स्माईल ठेवा वगैरे वगैरे. अहो, सगळं नीट चाललेलं असतं त्या दिवशी यातलं काहीही न करता मुलाखत बरी होतेच की. प्रश्न बाकीच्या दिवसांचा आहे. घरातलं कोणीतरी ॲडमिट आहे, रात्रभर झोप नाही, घसा बसलाय, पाळीचा दुसरा दिवस आहे, नाहीतर सकाळीच घरात वाजलंय आणि अकरा वाजता पाहुणे येऊन बसणार आहेत. अशा दिवशी आरशात फक्त डोळ्याखालची काळी वर्तुळं दिसतात हो, दुसरं काही दिसत नाही.

मी एका कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे संस्थेने आसपासच्या गावांसाठी चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्रावर, मुलाखती घेते, गाव तालुक्याचं आहे, आणि गणपती-नवरात्रात मंडळांनी बोलावलं तर स्टेजवर जाहीर मुलाखतीही घेते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, २००२ साली आधी शिक्षणसंस्थांना असं रेडिओ केंद्र काढायची परवानगी मिळाली आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही मिळाली. ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा, त्यामुळे आवाज १०-१२ किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे ऐकणारे सगळे ओळखीचे, आणि पाहुणापण कोणाचा तरी मामा नाहीतर आत्याच निघतो. टीव्हीवाल्यांना कमेंटमध्ये शिव्या पडतात, आम्हाला दुसऱ्या दिवशी बाजारात कोथिंबीर घेताना भाजीवाल्या मावशी विचारतात, काल आवाज का पडला होता गं, घरी सगळं बरंय ना? आता याला काय उत्तर द्यायचं. पण यातून एक कळलं की आवाजातलं लपत नाही, त्यामुळे खोटा हुरूप आणून बोलायचं मी सोडून दिलंय. खोटा हुरूप उलट जास्त ऐकू येतो.

त्या लेखात कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटं ताठ उभं राहायचा सल्ला आहे, त्याबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण आमच्याकडे ट्रेनिंगला येणारे पण हेच शिकवून जातात. हा प्रकार २०१० सालच्या एका अमेरिकन संशोधनातून आला, असं उभं राहिलं की शरीरातली हार्मोन्स बदलतात आणि माणूस धीट होतो असं त्यात म्हटलं होतं, मग त्याच्यावरचं भाषण जगभर गाजलं. पण २०१५ साली २०० लोकांना घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा लोकांना जरा दमदार वाटलं एवढंच दिसलं, हार्मोन्समध्ये काही फरक सापडला नाही. आणि २०१६ मध्ये मूळ संशोधकांपैकीच एक, डॅना कार्नी, यांनी जाहीर लिहून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. हे लेखात यायला हवं होतं. ज्याला उभं राहायचंय त्याने राहावं, माझं काही म्हणणं नाही, पण त्या दोन मिनिटांत पाहुण्यांचं नाव, आडनाव आणि गाव नीट उच्चारून बघितलं तर जास्त उपयोग होईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाईट दिवशी लागणारा आत्मविश्वास त्या दिवशी तयार करता येत नाही. तो आदल्या दिवशीच्या तयारीत असतो, आणि थोडा शेजारच्या माणसांकडून मिळतो. मनाची अवस्था चांगली असो नाहीतर वाईट, माझे पहिले दोन प्रश्न लिहिलेले आणि पाठ असतात. दोनच, बाकीचे नाहीत. कारण पहिली तीन-चार मिनिटं गाडी रुळावर राहिली की पुढे पाहुणाच नेतो. आणि ते दोन प्रश्नही असे की ज्याचं उत्तर देताना पाहुण्याला विचार करावा लागणार नाही, उत्तर आठवणीतून येईल. तुमच्या जीवनप्रवासाविषयी सांगा असला प्रश्न चांगल्या दिवशीपण विचारू नये, वाईट दिवशी तर नाहीच, कारण त्याचं उत्तर एकतर दोन वाक्यांत संपतं नाहीतर पाऊण तास चालतं आणि दोन्ही वेळा तुम्ही अडकता. (अमेरिकेतल्या टेरी ग्रॉस वर्षानुवर्षं रेडिओवर मुलाखती घेतायत, त्या मात्र म्हणतात की स्वतःबद्दल सांगा एवढाच प्रश्न सगळ्यात चांगला. त्यांना जमतं, मला नाही जमत बुवा.)

प्रश्न मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर लिहिते. साध्या कागदाचा आवाज माईकला येतो, त्यात हात थरथरत असला तर बघायलाच नको, सगळा तालुका ती फडफड ऐकतो. कार्डाचा आवाज येत नाही, आणि एका कार्डावर एकच प्रश्न असल्यामुळे डोकं चालत नसलं तरी नजर भरकटत नाही. माईकसमोर बसायच्या आधी दुधाचा चहा घेत नाही, घशात चिकटा येतो, कोमट पाणी घेते. आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागायच्या आधी श्वास हळूहळू सोडते, घेतला त्यापेक्षा लांब सोडायचा. हे सगळं क्षुल्लक वाटेल पण डोकं ठिकाणावर नसतं तेव्हा हाताला करायला काहीतरी ठरलेलं काम लागतं ना.

मागे एकदा सासऱ्यांना हॉस्पिटलात ठेवलेलं होतं आणि मी तिथूनच थेट रेडिओ स्टेशनवर गेले होते. पाहुण्या म्हणजे एक सुईण आजी, पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची. त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या, पदर सारखा ओढतायत, आणि दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या, हात हलला की माईकमध्ये खळ्ळकन. बांगड्या काढा म्हणायची सोय नाही, कोणी म्हणेल का तसं. आमच्या रेकॉर्डिस्ट दादाने खिशातला धुतलेला रुमाल काढून त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही मनगटांवर बांगड्यांवरून बांधले, आजी हसायला लागल्या, म्हणाल्या मला पेशंट केलंत की. मग आवाजाची लेव्हल बघायला आम्ही सगळ्यांनाच विचारतो तो प्रश्न विचारला, आज सकाळी काय खाल्लं? (हा प्रश्न रेडिओत सगळीकडेच विचारतात, म्हणजे माणूस नेहमीच्या आवाजात बोलतो आणि फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, सेट करता येतो.) तर आजी म्हणाल्या, भाकर अन् खर्डा, पण दात न्हाईत म्हणून दुधात कुस्करली, आणि तिथून सुरुवात करून त्या थेट एका पावसाळ्या रात्रीच्या बाळंतपणावर गेल्या, नदीला पूर, बैलगाडी अडकलेली, कंदिलाची काच फुटलेली. दादाने काचेपलीकडून बोट फिरवलं, म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे, थांबवू नको. माझे पाठ केलेले दोन्ही प्रश्न त्या दिवशी वापरलेच गेले नाहीत. पण ते खिशात आहेत हे माहीत असल्यामुळेच मी निवांत ऐकू शकले असं मला वाटतं. सासऱ्यांचा विचार डोक्यातून गेला असं नाही म्हणणार मी, पण तो बाजूला बसून राहिला तासभर. समोरचा माणूस आपल्यापेक्षा जास्त अवघडलेला असतो, त्याला मोकळं करायच्या नादात स्वतःकडे बघायला वेळच राहत नाही.

आणि गप्प बसण्याबद्दल. नवीन मुलं-मुली सगळ्यात जास्त घाबरतात ते गॅपला. पाहुणा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकतात, त्यात आपलं मन थाऱ्यावर नसलं की अजूनच घाई. अरे थांबा ना, माणूस आठवतोय. खुर्चीत बसलेल्याला ते तीन सेकंद फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला काही वाटत नाही, आणि पुष्कळदा खरं वाक्य त्या थांबण्यानंतरच येतं.

मोठ्या लोकांचंही काही वेगळं नसतं. अमेरिकेतले लॅरी किंग पुढे सीएनएन या न्यूज चॅनेलवर १९८५ ते २०१० अशी पंचवीस वर्षं मुलाखती घेत होते, पण १९५७ साली मायामीच्या एका छोट्या रेडिओवर पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना, गाणं वाढवायचे, कमी करायचे, पुन्हा वाढवायचे. शेवटी मॅनेजरने दार उघडून झापलं, तेव्हा त्यांनी ऐकणाऱ्यांना सरळ सांगून टाकलं की माझा पहिला दिवस आहे आणि मी घाबरलोय. ते सांगितल्यावर जीभ सुटली. यातलं मी अर्धंच घेते. घसा बसला असेल तर सुरुवातीला एका वाक्यात सांगायचं, आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या, की विषय संपला. पण घरचं दुखणं माईकवर आणायचं नाही. ती वेळ पाहुण्याची आहे, आणि एकदा सांगितलं की पाहुणाच बिचारा आपली समजूत काढत बसतो.

दुसरं उदाहरण ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांचं. १९७७ साली त्यांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची मुलाखत घेतली, १२ दिवसांत मिळून जवळजवळ २९ तासांचं शूटिंग. अमेरिकेतल्या मोठ्या चॅनेल्सनी ती घ्यायला नकार दिलेला, पैसे जमवताना नाकी नऊ आलेले, स्वतःच्या खिशातलेही घातलेले, आणि सुरुवातीच्या बैठकांत निक्सन लांबलचक बोलून वेळ खाऊन टाकायचे. याच्यापेक्षा वाईट दिवस कुठल्या मुलाखतकाराचे असतील? ज्या वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सन यांना पद सोडावं लागलं त्यावरच्या बैठकीत चित्र पालटलं ते काही छाती फुगवून नाही. त्यांच्या टीममधल्या जेम्स रेस्टन यांनी कोर्टाच्या कागदांत निक्सन आणि त्यांचे सल्लागार कोल्सन यांच्या संभाषणाचे असे उतारे शोधून काढले होते जे तोवर बाहेर आलेच नव्हते. कागद पक्का होता म्हणून माणूस पक्का झाला. आणि मग ज्या क्षणी निक्सन यांना कबुलीबद्दल विचारायचं होतं तेव्हा फ्रॉस्ट यांनी हातातला क्लिपबोर्ड खाली टाकून दिला आणि नुसतं बोलले. तो टाकता आला कारण आधी तो भरलेला होता.

आता खरी तक्रार सांगते, आणि ती लेखापेक्षा आयोजकांवर जास्त आहे. आपल्याकडे जाहीर मुलाखतीला गर्दी होते, २०१८ साली पुण्यात राज ठाकरेंनी शरद पवारांची मुलाखत घेतली तेव्हा मैदान भरलं होतं. म्हणजे लोकांना हा प्रकार आवडतो. पण गावोगावच्या कार्यक्रमात मंडप, लायटिंग, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, हारतुरे सगळं महिनाभर आधी ठरलेलं असतं आणि मुलाखत घेणाऱ्याला आदल्या रात्री साडेनऊला फोन येतो, ताई उद्या अमुक पाहुणे येतायत, तुम्हीच बसा, तुम्हाला काय बोलायची सवयच आहे! पाहुण्यांचं पुस्तक नाही, माहिती नाही, विकिपीडिया बघा म्हणतात. प्रास्ताविक चाळीस मिनिटं चालतं, सत्कार पंचवीस मिनिटं, आणि मुलाखतीच्या वेळी मागून चिठ्ठी येते, ताई आवरतं घ्या. मग मुलाखत पडली की चर्चा कशाची, तर ताईंचा कॉन्फिडन्स कमी पडला. मानधनाचं तर बोलतच नाही मी.

आणि काही दिवस असे असतात की बसूच नये. जवळचं माणूस गेलंय, डोळे पुसून बस म्हणणारे आयोजक मी बघितलेत, शो मस्ट गो ऑन म्हणे. कशाला? आमच्या स्टेशनवर आता दोन तयार कार्यक्रम कायम बाजूला ठेवलेले असतात, कोणाला जमत नसेल तर ते लावायचे, कोणी कारण विचारत नाही. ही सोय झाल्यापासून गंमत म्हणजे सुट्टी फार कोणी घेतच नाही, पण बसताना मानेवर ओझं नसतं. छोट्या स्टेशनवर हे जमतं तर मोठ्यांना का जमू नये.

तेव्हा संपादकसाहेब, तुमच्या पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर नुसतं मोटिव्हेशनल स्पीकरला विचारू नका. रेकॉर्डिस्टला विचारा, कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारा, मुलाखतकाराचा दिवस वाईट आहे हे त्यांना सगळ्यात आधी कळतं आणि सावरतात पण तेच. आणि नवरात्र-दिवाळीच्या कार्यक्रमांच्या बातम्या तुमच्याकडे मंडळं पाठवतात तेव्हा पाहुण्यांच्या नावाखाली मुलाखत कोण घेणार हेही छापायची अट घाला. नाव छापायचं म्हटलं की ते आठवडाभर आधी ठरवावं लागेल, आणि आम्हाला फोन साडेनऊच्या आधी येईल.

आपली,
एक नियमित वाचक
जि. सातारा