ज्यांच्या नावाआधी आता ‘कै.’ लागतं

पुणे,
१७ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेतल्या श्रद्धांजलीच्या पानांचं काम माझ्याकडे आलंय, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आपल्या आणि मागच्या-पुढच्या तुकड्यांमधली जी माणसं गेली, त्यांची यादी समोर आहे. नाव, पदवीचं वर्ष, शेवटचा हुद्दा, मृत्यूची तारीख. प्रत्येकाला दोन ओळी. यादीत चूक काही नाही, पण ती वाचून एकही माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. आपल्या धुळ्याच्या दोस्तापुढे लिहिलंय, ‘एम.ए. पुरातत्त्व, निवृत्त अधिव्याख्याता’. संपलं. हे पत्र त्यासाठीच आहे. तुझ्याकडून काय हवंय ते पुढे सांगतो, आधी गेले काही दिवस जे मनात घोळतंय ते ऐक.

आज आगरकरांची पुण्यतिथी. १७ जून १८९५ ला ते गेले तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. डेक्कन कॉलेजचे माजी विद्यार्थी म्हणून आपण त्यांचं नाव किती सहज घेत होतो! पण तो मुलगा येरवड्याच्या या कॉलेजात पोचला कसा, हे मी आत्ता पुन्हा नीट वाचलं. कऱ्हाडजवळचं टेंभू गाव, घरात दारिद्र्य, शिकण्यासाठी कऱ्हाडहून रत्नागिरीपर्यंत पायी जाणं, मग अकोल्याला मामांकडे, तिथून मॅट्रिक, आणि मग पुणे. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचे, ही गोष्ट तर शाळेतल्या पुस्तकांतूनच आपल्याला भेटलेली. एम.ए. करताना त्यांनी आईला लिहिलं की मुलाला मोठ्या पगाराची चाकरी लागेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. त्या घरच्या आईला ते पत्र वाचून दाखवलं गेलं असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. आता आपली मुलं मोठी झाल्यावर तो सुचतो.

त्यांची आणि टिळकांची गाठ याच कॉलेजात पडली. दोघं मिळून चिपळूणकरांकडे गेले, १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मग सामाजिक सुधारणांच्या वादात हेच दोघे समोरासमोर उभे राहिले, इतके कडवट की आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि दोन वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडू लागली. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती याच काळात. तरी आगरकर गेल्यावर ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मला वाटतं, विद्यार्थिदशेतल्या मित्राबद्दल लिहिण्याचा अधिकार मतभेदाने संपत नाही. भांडणारा मित्रच पुष्कळदा जास्त जाणतो, कारण त्याने त्या माणसाशी मनापासून वाद घातलेला असतो.

आणि हे एकटे आगरकर नव्हेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर १७ मार्च १८८२ ला गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. सात वर्षांत ‘निबंधमाले’चे ८४ अंक, सरकारी नोकरीचा राजीनामा, शाळा, छापखाना, चित्रशाळा, एवढं सगळं त्या एकतिसात. वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये गेले, चौतिसाव्या वर्षी. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, आणि १८९० चा तो संस्कृत-इंग्रजी कोश एकट्याने तयार केलेला. तुला आठवतं ना, आपल्या आवारातल्या संस्कृत कोशाच्या विभागातली ती कपाटं? १९४८ पासून तिथे सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून लाखो चिठ्ठ्या केल्या गेल्या, विद्वानांच्या पिढ्या त्या कामात निवृत्त झाल्या. आणि तिथेही मेजावर आपट्यांचा कोश उघडा असायचा. ‘आपटे काढ जरा’ असं म्हणायचे सगळे. ज्याचं नाव असं कामाच्या ओघात रोज कुणाच्या तरी तोंडी येतं, त्याला वेगळं स्मारक लागत नाही. फक्त तो माणूस चौतिसाव्या वर्षी गेला, हे ‘आपटे काढ’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं?

ही मरणं इतकी लागोपाठ झाली की पदवीधर असे अकाली का जातात, हा १८९० च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या वर्तुळात गंभीर चर्चेचा विषय झाला. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथपंत तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी पदवीधरांच्या मृत्यूंवर लेख लिहिला. विद्यापीठाच्या यादीतल्या नावांकडे ‘यातले किती राहिले’ या नजरेने पाहायचं, हे त्यांना किती जड गेलं असेल! त्या यादीच्या अगदी सुरुवातीला ते स्वतः होते. १८६२ साली बी.ए. झालेले पहिले चौघे म्हणजे रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पहिल्या दोघांच्या नावाने पुण्यात संस्था आहेत. मोडक आणि वागळे प्रार्थना समाजाचा इतिहास वाचणाऱ्यालाच भेटतात. चौघांनी एकाच वर्षी पदवी घेतली, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांत दोघे मागे पडले. पडले ते काही कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे. त्यांच्याबद्दल लिहिणारं कुणी लिहीत राहिलं नाही.

स्मरणिकेच्या बैठकीत एकाने सुचवलं की लेखांत ‘वादग्रस्त काही नको’. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. आपल्याच कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी घे. नाशिकचा जन्म, डेक्कन कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. गुण असे की इंग्लंडची शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण ती बाईला द्यायची नाही असं ठरलं. तरी ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी हातात पडली थेट १९२२ मध्ये. तीस वर्षं! पडद्यातल्या विधवांच्या, अज्ञान वारसांच्या मालमत्तेसाठी त्या झगडल्या. आणि याच बाई स्वराज्याच्या चळवळीच्या विरोधात उभ्या होत्या. यातला एक भाग गाळला तर उरेल ती कॉर्नेलिया सोराबजी नव्हेच. श्रद्धांजलीत माणूस गुळगुळीत करून ठेवणं हा त्याचा अपमान आहे, असं माझं ठाम मत आहे.

वि. का. राजवाड्यांचं तर तुला सांगायलाच नको, आपल्या दोस्ताने आपल्याला धुळ्याला नेऊन त्यांचा संग्रह दाखवला होता. इतिहासाचार्य हे आपलेच माजी विद्यार्थी. स्वभाव तापट, स्वतः उभारणीत हात लावलेल्या संस्थेशीही पटलं नाही. गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा केली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात देह ठेवला. आणि धुळेकरांनी काय केलं? लगेच १९२७ च्या जानेवारीत राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करून ती सगळी टिपणं, कागद, पोथ्या सांभाळायला घेतल्या. शोकसभा तर झालीच असेल, पण कागद आधी आवरले. त्या दालनात उभा राहून आपला दोस्त किती अभिमानाने बोलत होता! अहिराणीत सुरू करायचा, मग आपल्याकडे बघून मराठीत यायचा.

आता त्याच्याबद्दल. इनामगावचं उत्खनन मला परवा रात्रभर आठवत होतं. घोडनदीचा काठ, पहाटेची थंडी, घमेली, ब्रश, आणि पॉटरी यार्डात धुऊन वाळत घातलेली खापरं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ती वस्ती. घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेलं लहान मूल. मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडलेली, म्हणे मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून. आणि तो चार पायांचा कच्च्या मातीचा रांजण, ज्यात एक माणूस बसवून पुरला होता, पावलं मात्र शाबूत. ती सगळी दफनं आपण वर्गात पाठ केली. दोस्त मात्र एकदा म्हणाला होता, की या आईने मूल घराबाहेर जाऊ दिलं नाही, एवढं तरी वहीत लिहा, नुसती कुंभाची मापं काय लिहिता! सरांनी ऐकलं आणि काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून दफनांची रेखाटनं त्याच्याकडे आली.

त्या रांजणातल्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. तीन हजार वर्षांनी हाडांवरून आणि खापरांवरून जेवढं सांगता येतं तेवढं आपण सांगितलं, आणि केवढ्या कष्टाने सांगितलं. इथे तर आपल्याला सगळं ठाऊक आहे. तो कसा हसायचा, कोणाशी भांडला, काय खायचा, कशासाठी रडला, सगळं. सांगणारे आपण दोघे अजून आहोत. आणि आपण छापणार ‘निवृत्त अधिव्याख्याता’?

तू त्याचा खोलीतला सोबती. त्यामुळे हे पान तूच लिही. मी लिहिलं तर ते उत्खननापुरतं राहील. पीएच.डी. त्याने का सोडली ते तुला माहीत आहे. वडिलांच्या शेतीवरचं कर्ज, धाकट्या बहिणींची लग्नं, हे सगळं लिही. ‘अर्धवट सोडली’ एवढंच कागदावर राहिलं तर तो हरल्यासारखा दिसेल, आणि तो हरलेला नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवताना दर रविवारी मुलांना घेऊन गावोगावचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, शोधत हिंडायचा, त्यांच्याकडून रेखाटून घ्यायचा. त्याने स्वतःचं एकही पुस्तक छापलं नाही. पण त्याच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या त्या वह्या आहेत, आणि वहिनी म्हणतात की सगळ्या त्यांनी जपून ठेवल्यात. तुमचं दोघांचं ते मोठं भांडण झालं होतं, ज्यानंतर कित्येक महिने बोलणं बंद होतं, तेही गाळू नकोस. तुला नको वाटत असेल तर आग्रह नाही, पण मला ते वाचायचं आहे.

आणखी एक. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केलं तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले. जमशेटजी जीजीभॉयांनी देणगी ज्या अटींवर दिली त्या मोडता येणार नाहीत, यावर ते अडून बसले. म्हणून १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून कॉलेज पुन्हा उघडलं. ते भांडले नसते तर सांकलियांचा पुरातत्त्व विभाग तिथे उभा राहिला नसता आणि तू, मी, तो कधी भेटलोच नसतो. त्यातले कुणीही आज हयात असणं शक्य नाही. या स्मरणिकेत त्यांच्यासाठी एक पूर्ण पान ठेवायला मी समितीला राजी केलंय. जुन्या कागदांत नावं शोधायला बसलोय. तुझ्याकडे त्या काळचं काही छापील असेल तर कळव.

वहिनींशी माझं बोलणं झालंय. वह्या त्या हाताबाहेर द्यायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात त्या लेकीकडे जाणार आहेत, त्याआधी मी धुळ्याला जाऊन घरीच फोटो काढून आणतो. तू येणार असलास तर रविवार धरून जाऊ, तसं लगेच कळव. तुझा लेख छापण्याआधी वहिनींना वाचून दाखवायचा आहे, म्हणून तो जुलैअखेर हातात हवा. शब्दांची मर्यादा मी तुझ्यापुरती काढून टाकली आहे. हाताने लिहून पाठवलंस तरी चालेल, टंकून मी घेईन.

घरी सर्वांना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
जुना सोबती