आशाताई, माझ्या ताटाची चौकशी केल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला, आमच्या गावच्या आशा म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेला आहे, पण ते सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते बाळंतीण असलेल्या प्रत्येक घरातल्या आईनं, सासूनं आणि नवऱ्यानं वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

बाळंतपणानंतर घरी जो येतो तो बाळाला बघायला येतो. वजन किती भरलं, नाक कुणावर गेलं, दूध पुरतं का. आईच्या खाण्याची चौकशी होते, नाही असं नाही, पण तीही दुधापुरती. आळिवाची खीर खा, दूध येईल. शेपू खा, दूध वाढेल. तुम्ही आलात, हात धुतलेत, मुलीचं वजन केलंत, अंगाला हात लावून ताप बघितलात आणि मग माझ्याकडे वळून विचारलंत, "दिवसातून किती वेळा जेवतेस?" मी म्हटलं, चार वेळा. फॉर्ममधल्या रकान्यात तेवढं लिहून तुम्हाला पुढच्या घरी जाता आलं असतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "काल सकाळपासून ताटात काय काय होतं ते सांग बरं."

मी सांगत गेले तसा तुमचा चेहरा बदलत गेला. मऊ भात, तूप, जिरं. पुन्हा मऊ भात. चहा आणि टोस्ट. डिंकाचा लाडू, तोही अर्धा. डाळ वातूळ म्हणून बंद, पालेभाजीनं बाळाचं पोट बिघडेल म्हणून ती बंद, फळं थंड म्हणून बंद, आणि पोट सुटेल म्हणून पाणीसुद्धा बेतानं. माझ्या आईनं हे पथ्य स्वतः पाळलं होतं, तिच्या आईकडून शिकलं होतं, आणि माझ्यासाठी ते सांभाळताना ती रात्रंदिवस राबत होती. तिच्या मायेत तसूभरही कमी नव्हती. तरी माझ्या ताटात लोह नव्हतं, पुरेशी प्रथिनं नव्हती, आणि बाळंतपणात बरंच रक्त गेलेलं होतं.

मग तुम्ही ते वाक्य बोललात, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे: "पोरी, दुधासाठी नको, तुझ्यासाठी जेव."

तेव्हा माझी अवस्था मला कुणाला सांगताच येत नव्हती. पहिल्या आठवड्यात रडू येतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते बहुतेकींचं दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. माझं ओसरलं नाही, वाढत गेलं. मुलगी झोपली तरी मला झोप लागेना. तिला उराशी घेतलं तरी काही वाटत नसे, आणि काही वाटत नाही याचीच भीती वाटे. घास तोंडात फिरत राही. मन खचलं की भूक मरते, जेवण सुटलं की अंगातलं त्राण जातं, आणि त्राण नसलं की मन आणखी खचतं. आमच्याकडे या सगळ्याला "बाळंतपणाचा थकवा" असं नाव होतं.

तुमचं कौतुक वाटतं ते तुम्ही आईशी ज्या रीतीनं बोललात त्याचं. तिचं एकही पथ्य तुम्ही मोडीत काढलं नाहीत. "काकी, डिंक, आळीव, खारीक, खोबरं, सगळं उत्तम आहे, ते चालूच ठेवा. फक्त त्याच्याबरोबर मुगाचं वरण घाला, मूग पचायला हलका." दोन दिवसांनी वरणाबरोबर मेथी आली. मग बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, दुपारी वाटीभर दही. वरणावर आणि भाजीवर लिंबू पिळायला सांगितलंत, कारण त्यानं धान्य-भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, कारण तो नेमकं उलट करतो. दूध पाजायला बसले की शेजारी पाण्याचा तांब्या.

आमचं घर माळकरी. अंडं-मासे खा, असं कुणी म्हटलं असतं तर आईनं त्या माणसाचं पुढचं काहीच ऐकलं नसतं. तुम्हाला गावातलं घरन् घर ठाऊक. तुम्ही म्हणालात, "बी-बारा जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतं, दुधा-दह्यात थोडं असतं. तेवढं पुरतंय का ते रक्त तपासून कळेल, कमी असेल तर डॉक्टर औषध देतील." तपासलं, तेव्हा ते खरोखरच कमी निघालं. आमच्या माळेलाही धक्का लागला नाही आणि उपचारही झाला.

लाल गोळीचंही तसंच. दवाखान्यातून घरी सोडताना पाकिटं हातात दिली होती, पण का घ्यायच्या ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी मळमळतं म्हणून मी त्या फळीवर ठेवून दिल्या होत्या. बाळंतपणानंतरही लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची असते, आणि ती कॅल्शियमबरोबर एका वेळी घ्यायची नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. लोह कमी पडलं की फक्त दम लागतो असं मी समजत होते. मेंदूत मन ताळ्यावर ठेवणारी जी रसायनं तयार होतात, त्यांच्या घडणीलाही लोह लागतं, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. माझं हिमोग्लोबिन ८.४ निघालं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे बहुतेक जणी बाळंतपणात उतरतात त्याच मुळी रित्या अंगानं. त्यात बाळाला पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. तुम्ही ते आईला तिच्या भाषेत सांगितलंत: नेहमीच्या जेवणावर आणखी एक पुरतं जेवण.

आता ते दुसरं काम, जे पहिल्याहून अवघड होतं. आईला तुम्ही मुलीची अंघोळ घालायला पाठवलंत, दार ओढून घेतलंत आणि सरळ विचारलंत, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" इतकं उघड आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. तुम्ही दचकला नाहीत, उपदेश केला नाहीत, "एवढं गोजिरवाणं लेकरू असताना असं कसं मनात येतं" असंही म्हणाला नाहीत. त्याच दिवशी मला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, आणि तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे.

खाणंपिणं सुधारलं की मन आपोआप ताळ्यावर येईल, असा भरवसा तुम्ही कुणाला दिला नाहीत. म्हणूनच तुमच्या जेवणाच्या सल्ल्यावर माझा विश्वास बसला. डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न. रक्त आणि थायरॉइड तपासलं, कारण थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच कोमेजतो. दूध पाजत असतानाही घेता येईल असं औषध दिलं. आणि ते म्हणाले, रिकाम्या पोटी, झोपेविना, अंगात रक्त नसताना नुसत्या गोळीकडून फार अपेक्षा करू नका. बरं कशानं वाटलं, औषधानं की वरण-भाकरीनं, असं आता नात्यातल्या बायका विचारतात. मला ते वेगळं काढून दाखवता येत नाही. जेवण सुधारलं म्हणून औषध पोटात टिकलं, औषधामुळे भूक परत आली, भूक आली म्हणून झोप आली. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण साधारण २२ टक्के दिसलं होतं. पाचांत एक. आपल्या वाडीतल्या बाळंतिणी मोजल्या तर मी एकटी असणं शक्यच नाही.

तुम्ही माझ्या नवऱ्याला फोन केलात, तेही इथे लिहायलाच हवं. त्याला सांगितलंत की सुट्टीला आलास की रात्री पाजून झालं की मुलीला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम तुझं, आणि बायकोच्या उशाशी खजूर नि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरून ठेवायचं कामही तुझंच. रात्री दोनला पाजताना पोटात खड्डा पडतो, आणि त्या वेळी स्वयंपाकघरापर्यंत जायचंही बळ नसतं. त्या डब्यानं किती आधार दिला ते त्याला अजून पुरतं कळलेलं नाही. मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलिमानसचा, १४४१६ हा क्रमांकही तुम्हीच कालनिर्णयाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून गेलात. एका रात्री मी तो लावला.

नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली, आणि २०११ पासून ती देशभरात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. त्या सगळ्या पूर्ण केल्यावर आशांना मिळतात २५० रुपये. हे मला तुमच्याकडून नाही, दुसऱ्या एका आशाताईकडून कळलं, आणि वाचून विसरून जावा असा हा आकडा नाही. बेचाळिसाव्या दिवसानंतर कागदावरची पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. नैराश्य वाढायला एवढा काळ पुरेसा असतो. तुम्ही त्या मधल्या काळातही येत राहिलात, तुमच्या शेताच्या वाटेवर आमचं घर नसतानाही. त्या भेटींचा मोबदला कुठल्याच रकान्यात नाही. तो असायला हवा, त्या भेटींत आईच्या मनाची विचारपूस फॉर्मवर नोंदवायला हवी, आणि ग्रामसभेत मी हे उभं राहून बोलणार आहे. तुम्हाला स्वतःच्या पैशांबद्दल बोलायला संकोच वाटतो, मला वाटत नाही.

हिमोग्लोबिन आता ११.२ आहे. औषध चालू आहे, ते मनानं बंद करायचं नाही हे पक्कं ठाऊक आहे. मुलगी आवाजाच्या दिशेनं मान वळवून हसते, आणि तिचं हसणं बघून मला आतून हसू येतं.

पुढच्या महिन्यात तिचं उष्टावण करायचं आहे. तारीख ठरली की आई स्वतः बोलवायला येईल. तुम्ही गावभर दुसऱ्यांच्या ताटात काय आहे ते विचारत फिरता आणि आमच्या घरातून कधी घासभरही न खाता निघून जाता. त्या दिवशी पिशवी बाजूला ठेवून, पंगतीत बसून, पोटभर जेवायचं आहे.

तुमची ऋणी,
खालच्या आळीतली तुमची बाळंतीण