कारवान सुधारायचा, तर आधी वंशावळीची वही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूर-सोलापूरकडे हल्ली कारवान या आपल्या देशी शिकारी कुत्र्याची पिल्लं मोबाइलवर फोटो पाहून विकली जातात. ‘जात सुधारलेली आहे’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. काय सुधारलं, असं विचारलं तर उंची आणि वेग एवढंच उत्तर मिळतं. खोदून विचारलं की कळतं, मागे ग्रेहाउंड या शर्यतीत पळणाऱ्या परदेशी जातीचा नर लावलेला आहे. याला सुधारणा म्हणायला माझा ठाम विरोध आहे.

ज्वारी काढलेल्या रानात दोघांना पळवून बघा. संकरित कुत्रा पहिल्या झपाट्यात पुढे जातो, पण धसकटांनी तळवा फाटला की पंजा उचलून उभा राहतो. चांगला कारवान ढेकळांतून, उन्हातून पळतो, आणि सावलीत थोडा वेळ धापा टाकून पुन्हा तयार होतो. तो घट्ट तळवा, ती खोल छाती, ते वर ओढलेलं पोट धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून टिकवलंय. कामाची मादी ठेवायची, तिच्या तोडीचा नर शोधायला चार गावं फिरायची, अशी ती रीत होती.

दुसरं टोकही तितकंच वाईट आहे. एखाद्या नराने प्रदर्शनात बक्षीस मिळवलं की तालुक्यातल्या सगळ्या माद्या त्याच्याकडेच. मग काही वर्षांत बाप-लेक, बहीण-भाऊ यांच्या जोड्या नकळत लागतात. वेताला पिल्लं कमी होतात, अशक्त निघतात, दबलेले आजार वर येतात. आफ्रिकेतल्या बसेंजी या शिकारी कुत्र्याचं अमेरिकेत हेच झालं. मोजक्याच कुत्र्यांपासून वंश वाढला आणि फॅन्कोनी हा मूत्रपिंडाचा आजार पसरला. तिथल्या बसेंजी पाळणाऱ्यांनी काँगोच्या खेड्यांतून नवे कुत्रे आणले आणि 1990 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने बंद असलेली बसेंजीची नोंदवही त्यांच्यासाठी उघडली. पुढे त्या आजाराची जनुकीय चाचणीही निघाली. परक्या जातीचं रक्त न घालता, स्वतःच्याच मुळाशी जाऊन जात सावरता येते, ती अशी.

आपलं मूळ तर अजून वाड्यावस्त्यांवर जिवंत आहे. कर्नाटकात कारवानलाच मुधोळ हाउंड म्हणतात; तिथल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली होती. आज मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथली पिल्लं लष्करानेही नेली. महाराष्ट्राने मागे का राहावं? उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कारवानची नोंद सुरू करावी: आई-बाप, आजे-पणजे, आजार, किती पिल्लं जगली, आणि प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप. पैदाशीचा नर दोन वर्षांचा होऊन अंगाने, कामाने कळल्याशिवाय लावू नये. पळ बघायला ससा लागत नाही. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. दोरीला बांधलेली चिंधी मोटारीने ओढली तरी कुत्रा जीव तोडून धावतो.

2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावता येत नाही, आणि वर्षात एकच वेत घेता येतं. पिल्लं विकणाऱ्या किती जणांकडे याची नोंद आहे, हे पशुसंवर्धन खात्याने एकदा दारोदार जाऊन तपासावं. ग्राहकांनीही पिल्लाची आई समोर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

— एक कारवानपालक, जि. लातूर