इंजिन घरी बांधता, तर आधी टॉर्क पाना घ्या

महोदय,

कापसाचा हंगाम आटोपला की गावोगावी अंगणात जुन्या गाड्यांची इंजिनं उघडली जातात. पोरं हौसेनं शंभर-सव्वाशे नगांची हत्यारपेटी आणतात, पण इंजिन बांधायला नेमकं जे लागतं तेच तिच्यात नसतं. आमचं ठाम म्हणणं आहे, पहिला पैसा टॉर्क पान्यावर, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोराइतका आवळला की 'टक्' असा वाजणाऱ्या पान्यावर घाला.

हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे बोल्ट अंदाजानं आवळले की कुठे दाब कमी, कुठे जास्त पडतो आणि गॅसकेट (हेडखालची सांधा बंद करणारी पट्टी) उडतं. छोट्या गाडीच्या हेडला अर्धा इंची, 40 ते 210 न्यूटन-मीटरचा (आवळण्याच्या जोराचं माप) क्लिकवाला पाना पुरतो. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बारीक बोल्टांना मात्र तो लावू नका, ॲल्युमिनियममधले आटे जातात. पान्यावर न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड अशी दोन मापं कोरलेली असतात. 60 न्यूटन-मीटरऐवजी फूट-पाउंडाच्या रेघेवर 60 लावले तर बोल्टवर 81 न्यूटन-मीटरचा जोर येतो.

स्वस्त पाना घरी तपासता येतो. चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरून पाना आडवा ठेवा आणि टोकाच्या मध्यापासून 40 सेंमीवर 20 किलोचं वजन टांगा. हे साधारण 78 न्यूटन-मीटर होतात, पान्याचं स्वतःचं वजन दोन-तीनची भर घालतं. 75 वर लावलेला पाना वाजला पाहिजे, 90 वर वाजता कामा नये. वजन मुठीच्या मधोमधच हवं. मूठ पुढेमागे असेल तर किलो गुणिले मीटर गुणिले 9.8 असा हिशेब करा. काम झालं की पाना सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते.

बोल्टच्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट आवळला तर ब्लॉक (इंजिनचा मुख्य ओतीव भाग) तडकतो. आधी भोकं हवेनं कोरडी करा.

दुसरा खर्च 25-50 मिमीचा मायक्रोमीटर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमधली फटच मुळी 0.02 ते 0.05 मिमीच्या आसपास असते, तिथे 0.02 वाचणाऱ्या व्हर्नियरचा काय उपयोग? फट बघायला प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणाऱ्या, रुंदीवरून फट सांगणाऱ्या मऊ धाग्याचा) तुकडा ठेवून बेअरिंगची कॅप पूर्ण टॉर्कवर आवळा, पण क्रँक जराही फिरवू नका. तुकडा फासला की माप खोटं येतं. बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं हत्यार) विकत घेऊ नका. सिलिंडर बोअरिंग करून देणाऱ्याकडून वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मापं लिहून घ्या.

पिस्टनच्या रिंगा दाबून धरणारा रिंग कॉम्प्रेसर साधा पट्टीचा चालतो. पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलके ठोकत उतरवा. मध्येच अडला तर थांबा, रिंग निसटून काठावर आलेली असते. पुढचा ठोका तिला मोडतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या बोल्टांवर फवारणी पंपाच्या नळीचे तुकडे चढवले की क्रँकवर ओरखडा येत नाही. रिंगच्या दोन टोकांमधली फट मॅन्युअलपेक्षा कमी ठेवली तर आपल्या वैशाखात इंजिन तापून रिंगची टोकं भिडतात आणि बोअर खरवडतं.

ही हत्यारं वर्षातून एकदोनदाच लागतात. तालुक्याच्या आयटीआयनं आणि गावच्या अवजारे बँकांनी टॉर्क पाना, मायक्रोमीटर आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प अनामत घेऊन दोन दिवसांसाठी द्यावा, ही आमची मागणी आहे.

— इंजिनकाम करणारे काही मिस्त्री, ता. दर्यापूर, जि. अमरावती